पोटातल्याचा वाटा

आमच्या गावात माणूस जन्माला यायच्या आधीच त्याच्यासाठी मासा निघतो. बारसं पुढे, आधार कार्ड तर फारच पुढे. आधी मासा. वर्षभर तलावातली मासळी मच्छीमार संस्थेमार्फत विकली जाते, सावली तालुक्याच्या बाजारात जाते, व्यापारी गाडी घेऊन दारात येतो. पण उन्हाळ्यात पाणी गुडघ्यावर आलं की शेवटचं जाळं ओढतात आणि त्या दिवशीची मासळी विकायची नसते. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पळसाची पानं मांडून ती आम्हा ढिवरांच्या घरांत माणशी वाटतात. म्हातारं असो, तान्हं असो, खाटेला खिळलेलं असो, वाटा सारखाच. आणि घरात बाई गरोदर असली, तर तिच्या पानाशेजारी आणखी एक पान पडतं. त्याला पोटातल्याचा वाटा म्हणतात. तो तिनेच खायचा, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. पुढे एखादीचं पोट मधेच रिकामं झालं, तरी तो वाटा तिच्याकडून कोणी परत मागत नाही. ‘आलता, खाऊन गेला,’ एवढंच म्हणतात आणि विषय मिटवतात.

मी या घरात सून होऊन आले तेव्हापासून ते शेजारचं पान कोणाकोणापुढे पडताना पाहत आले. माझ्यापुढे पडलं नाही. वाटणी करायचं काम गावातल्या सगळ्यात जुन्या माणसाकडे असतं. त्यांना सगळे आबाजी म्हणतात. पहिली काही वर्षं आबाजी माझं पान मांडल्यावर जरा थांबायचे. सासूबाई नुसती मान हलवायच्या, मग ते पुढच्या घराकडे वळायचे. नंतर एका वर्षी ते थांबलेच नाहीत. त्या दिवशी मी घरी येऊन रस्सा इतका खारट केला की कुत्र्यानेही तोंड फिरवलं. सासरे म्हणाले, मीठ काय फुकट भेटलं का. मी म्हटलं, हो.

आता कोणी म्हणेल, दवाखाना केला नाही का? केला. चंद्रपूर केलं, नागपूर केलं, अंगारे-धुपारे केले, झाडाला दोरे बांधले. लग्नाच्या पंगतीत केळीच्या घडात जुळं केळं निघालं की इतर बायका ते लेकीसुनांच्या हातून हिसकावून घेतात, नाहीतर जुळं होईल म्हणून. मी ते सगळ्यांदेखत सोलून खायची. एवढी जुळी केळी खाल्ली की खरंच गुण असता तर अंगणवाडीची दुसरी खोली बांधावी लागली असती. लोक हसायचे, मीही हसायची. हसलं की लोक लवकर दुसरीकडे बघतात, हे मला फार आधीच कळलं होतं.

नवरा या बाबतीत बोलायचा नाही. तो कोणत्याच बाबतीत बोलत नाही, पण या बाबतीत जास्तच. नागपूरच्या डॉक्टरने सगळं सांगून झाल्यावर विचारलं, काही विचारायचंय का. तर हा म्हणाला, सावलीची शेवटची बस किती वाजता असते?

माझी धाकटी जाऊ आली ती या सगळ्यानंतर. देवर गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, म्हणून लग्न झाल्यावर ती दोघं तिकडेच खोली करून राहिली. पोरगी लहान होती, तोंडाची गोड आणि स्वयंपाकाची ढ. माझ्याशी भांडण करायची तिच्यात धमक नव्हती आणि तिच्याशी करायचं मला कारण सापडत नव्हतं. एका चैत्रात ती गावी आली ती पोट घेऊन. खोलीवर टिनाचे पत्रे, बाहेर पांढरी धूळ, तिला तिथे श्वास घेववेना. तिकडच्या दवाखान्यात नाव घातलं होतं, पण सोनोग्राफीची तारीख यायच्या आधीच ती निघून आली होती.

तिला एसटीतून उतरताना पाहिलं आणि सासूबाईंच्या कपाळावर आठी चढली. पोट महिन्यांच्या मानाने मोठं होतं. चांगलंच मोठं.

“किती म्हयने म्हनली वं?” त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“पाचवा लागला, आई.”

“मंग दोन असन.”

झालं. एवढ्या तीन शब्दांवर आमच्या घरात पुढचा सगळा महिना निघाला. गावातल्या म्हाताऱ्या सुईणीला बोलावलं. तिने तेलाचा हात फिरवला, इथे दाबलं, तिथे दाबलं, कान लावला. “इथी डोस्कं लागते,” ती म्हणाली, “आन इथीबी डोस्क्यावानीच लागून राह्यलं. पन मी लिहून नाई देत.” लिहून द्यायला तिला कुठे लिहिता येत होतं! पण बाईने दोन्ही बाजूंनी दार उघडं ठेवलं होतं. सावलीच्या दवाखान्यात गेलो तर सोनोग्राफीला ही गर्दी. तारीख मिळाली ती पुढच्या महिन्याची. म्हणजे तोवर दोन होते असं म्हणायला कोणाची मनाई नव्हती.

त्या दिवसांत अंगणात मोहा वाळत घातला होता. मी बसून काडीकचरा निवडत होते, जाऊ भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. पायांना सूज होती, मी तिला काम करू देत नव्हते. ती पदराने वारा घेत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाई, दोन झाले तं एक तुमचं.”

मी निवडत राहिले. “काय बोलून राह्यली तू?”

“खरंच. ह्यायलेबी इचारलं मी फोनवर. हो म्हनले. दोन मले नाई सांभाळनं होत त्या खोलीत.”

“लेकरू म्हणजे काय मेथीची जुडी आहे? दोन घेतल्या, एक शेजारणीला दिली?”

“शेजारणीले कुठी देऊन राह्यली,” ती म्हणाली. “तुमाले देऊन राह्यली.”

मी उठून मोह्यावरच्या कोंबड्या हाकलायला गेले. कोंबड्या तिथे नव्हत्या.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, हे मला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण कळणं एकीकडे आणि मन एकीकडे. सकाळी चूल पेटवताना मी तिच्या झोपलेल्या पोटाकडे बघायची. डावीकडे कललं की वाटायचं, एक डावीकडे आहे. पोट मधोमध असलं की वाटायचं, दोघं सारखे बसलेत, भांडण मिटलं. मला त्यातलं नंतर येणारं हवं होतं. पहिलं तिचं. नंतरचं लहानखुरं असतं, मागे राहिलेलं, त्याच्याकडे लोकांचं लक्ष कमी जातं. ते मला चाललं असतं. मुलगा की मुलगी याचा तर मी विचारच केला नाही. ज्याला भाकर मिळत नाही तो चटणी कसली हवी म्हणून सांगत बसत नाही. मला फक्त कोणीतरी हवं होतं जे रडताना माझ्याकडे हात करेल. एवढ्या वर्षांत इतकी लेकरं कडेवर घेतली, पण भूक लागली की प्रत्येकाने माझ्या खांद्यावरून पलीकडे दुसऱ्या कोणाकडे तरी हात केले. त्याचं दुःख मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते दिसतही नाही.

नवऱ्याच्या कानावर जावेचं बोलणं गेलं होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. एकदा जेवताना मी म्हटलं, “काही ऐकलं का तुम्ही?” तो म्हणाला, “काय?” मी म्हटलं, “काही नाही.” तो हात धुवायला उठला. त्याच आठवड्यात त्याने आमच्या खोलीवरचे कवेलू उतरवून नवे चढवले. त्या कोपऱ्यातून दर पावसाळ्यात पाणी गळायचं आणि दर पावसाळ्यात मी तिथे गंज, म्हणजे पातेलं, ठेवायची; सांगून सांगून माझी जीभ झिजली होती. आता न सांगता, भर उन्हात, हा माणूस छपरावर चढला होता. मला वाटलं, तेंदूपत्त्याचं काम संपलंय, रिकामा हात खाजवत असेल.

मग तलावाचा दिवस आला. सकाळपासून पुरुष पाण्यात, बायका-लेकरं पाळीवर. पाणी कमी, चिखल जास्त. जाळं ओढताना पाय रुतून यायचे. रोहू निघाले, चिखलातून काही मरळ निघाल्या, झिंगे तर टोपलीभर. आबाजींनी बसकण मारली आणि पानं मांडायला सुरुवात केली. आमचं घर आलं. सासरे, सासू, नवरा, मी, धाकटी जाऊ. देवर गडचांदूरला होता. जो इथल्या चुलीवर जेवत नाही त्याचा वाटा पडत नाही. मग जावेच्या पानाशेजारी त्यांनी पोटातल्याचं पान ठेवलं आणि हात तसाच ठेवून वर पाहिलं. गावात कोणती गोष्ट लपते?

“दोन म्हनते गावचे लोकं. एक पान टाकू का दोन?”

सासूबाई जावेकडे बघायला लागल्या आणि जाऊ माझ्याकडे. तिने उत्तर माझ्यावर सोडलं होतं. मला वाटतं, तिला तो माझा हक्क वाटला असावा.

मी म्हटलं, “दोन टाका, आबाजी.”

“टाकतो. पन दुसरा उसना समज, पोरी. दुसरा नाई निघाला तं पुढच्या साली तुमच्या घरचा एक कटन. तलावाचं तलावात.”

“कटू द्या,” मी म्हटलं. पाण्यात जाळं धुणाऱ्या माझ्या नवऱ्याची पाठ माझ्याकडे होती.

घरी येऊन मी मासे शिजवले. पोटातल्याचे दोन्ही वाटे वेगळ्या गंजात, मीठ बेताचं, तिखट कमी, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. जावेला वाढलं. तिने एक वाटा आपल्या ताटात ठेवला आणि दुसरा उचलून माझ्या ताटात घातला.

“पोटातल्याचा आहे तो,” मी म्हटलं. “ज्या पोटात त्यानंच खायचा.”

“हे तुमच्यातल्याचं,” ती म्हणाली. “तुमी खा.”

सासूबाईंनी आपली भाकर मोडली. मी खाल्लं. रोहूचा मधला तुकडा होता. मी घाईने कधीच मासा खात नाही, पण त्या दिवशी जसं सावकाश खाल्लं तसं पूर्वी कधी खाल्लं नव्हतं. काटा जाऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मी कोणाला तरी भरवत होते. त्या रात्रीपासून तारखेपर्यंत माझं वागणं सांगायला मलाच लाज वाटते. मी जड घागर उचलणं सोडलं. कुशीवर झोपायला लागले. एकदा तर जावेने चिंच मागितली आणि दोघींनी मिळून संपवली. ते दिवस माझे होते. आजही ते दिवस खोटे होते असं मला म्हणता येत नाही.

तारखेला आम्ही दोघी सावलीला गेलो. जंगलाच्या रस्त्याने सकाळी लवकर जाऊ नका, वाघ फिरतो, म्हणून उन्हं चढल्यावर निघालो आणि रांगेत मागे पडलो. जाऊ आत गेली, मी दाराशी उभी राहिले. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, त्यांनी मला आत बोलावलं. पडद्यावर राखाडी काहीतरी हलत होतं.

“एकच बाळ आहे,” त्या म्हणाल्या. “वाढ छान आहे. पाणी जरा जास्त आहे, म्हणून पोट मोठं दिसतंय. घाबरण्यासारखं काही नाही.”

“मॅडम, मागे लपलं नसेल?” मी विचारलं.

त्या हसल्या. मग माझं तोंड पाहून त्यांचं हसू गेलं. त्यांनी पुन्हा मशीन फिरवलं, मागून, खालून, सगळीकडून, माझ्यासाठी. “नाही हो ताई,” त्या म्हणाल्या. “एकच.”

बाहेर येऊन बाकावर बसलो तर जाऊ रडायला लागली. लोक बघायला लागले, काय वाईट निघालं म्हणून. मी तिचे डोळे पुसले, म्हटलं, “येडी आहेस का? लेकरू चांगलं आहे म्हणाल्या ना त्या?”

“बाई, हेच घ्या न मंग तुमी,” ती हुंदके देत म्हणाली. “मले पुढं होईन दुसरं.”

तेव्हा मात्र मी चिडले. “चूप. दोन असले तर वाटे पडतात. एकाचे वाटे पडत नाहीत. एकुलतं आईपासून तोडून न्यायला मी काय डाकीण आहे?” ती दचकली. मग मी तिला समोसा घेऊन दिला, स्वतःलाही घेतला, आणि बस येईपर्यंत आम्ही दोघी तो खात बसलो. मला वाटत होतं, माझ्यातून काहीतरी जाईल, ओटीपोटात दुखेल, निदान चक्कर तरी येईल. काहीच झालं नाही. मी समोसा संपवला. कागद चुरगळून पिशवीत टाकला. एवढंच.

घरी सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, “जाऊ दे. एक तं एक.” नवरा छपरावर होता. दुसऱ्या बाजूचे कवेलू बदलायचे राहिले होते. मी खालून सांगितलं, “एकच आहे.” तो हातातलं कवेलू तिथेच ठेवून शिडीवरून उतरला आणि तलावाकडे निघून गेला. ती बाजू अजून तशीच आहे, तिथे मी गंज ठेवते.

जाऊ बाळंतपणाला माहेरी गेली, पोंभुर्ण्याकडे. मुलगी झाली. फोनवर रडणं ऐकवलं. दीड महिन्याने बारशाला गेले तेव्हा प्रथम पाहिली. नाकाने आमच्या घरची, आवाजाने माझ्यासारखी, असं सगळे म्हणाले. मग ती दोघं तिला घेऊन गडचांदूरला गेली. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल यायचा, त्यात निम्मा वेळ पंखाच दिसायचा. मी तो पंखा बघत बसायची.

पुढच्या उन्हाळ्यात जाऊ पोरीला घेऊन गावी आली आणि त्याच आठवड्यात तलाव ओढला. मी पोरीला कडेवर घेऊन पाळीवर उभी होते. पोरगी ओळखीची झाली होती, माझी माळ ओढत होती. आबाजींनी पानं मांडली: सासरे, सासू, नवरा, मी, जाऊ. आणि एक लहान पान, पोरीचं. दात नसले तरी वाटा असतो. तिच्यापुढे मासा पडला तशी ती हसली आणि मलाही हसू आलं.

मग आबाजींनी हात मागे घेतला. “मागच्या साली एक उसना गेलता,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नेम होता. “कोनाचा काटू?”

“माझा काटा,” मी म्हटलं. मी वर्षभर आधीच ठरवून ठेवलं होतं. खाल्लं मी, भरायचं मी. जाऊ पुढे होऊन “माझा, माझा” म्हणायला लागली, तिला मी डोळ्यांनीच गप्प केलं. आबाजी वाकले आणि त्यांनी माझ्या पानाचं टोक धरलं.

“राहू द्या, आबाजी.”

माझा नवरा होता. कमरेपर्यंत चिखलात माखलेला, हातात ओलं जाळं. तो पाळीवर कधी वर चढून आला, मला कळलं नव्हतं. चारचौघांत त्याचा आवाज मी तरी क्वचितच ऐकला असेल.

“ते उसनं नवतं,” तो म्हणाला. “तो आलता. खाऊन गेला.”

सावलीच्या मशीनमध्ये काय दिसलं ते पाळीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. एक म्हणजे एक. तरी कोणी हसलं नाही, कोणी ‘असं कसं’ म्हटलं नाही. आबाजींनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग माझं पान होतं तिथे ठेवलं, आणि पुढच्या घराची पानं मांडायला लागले. नवरा परत पाण्यात उतरला. मी पोरीच्या मानेत तोंड खुपसून रडले. ती तिच्या आईकडे हात करायला लागली, म्हणून मी तिला देऊन टाकलं.

दुपारी मी मासा रांधला. मीठ बेताचं, तिखट कमी. नवरा हातपाय धुऊन जेवायला बसला. मी माझ्या वाट्याचे दोन भाग केले आणि एक त्याच्या ताटात ठेवला.

त्याने विचारलं, “हे काय?”

“हे तुमच्यातल्याचं,” मी म्हटलं.

तो खाली मान घालून, एकेक काटा बाजूला काढत, सावकाश जेवला.